लशीचा ताप

"कुणाला पटणार नाही, पण गेल्या वर्षी फ्लूची लस घेतली आणि माझ्या कपाळावर हिने पापड भाजले!"

दवाखान्याच्या बाकावर हशा पिकला. मी आणखी रंगात आलो. "थर्मामीटर लावला, तर पाराच घाम पुसत बाहेर आला!"

दमेकरी दिगंबरराव मात्र हसले नाहीत. लशीसाठी वर केलेली बाही त्यांनी हळूच खाली ओढली आणि धापा टाकत उठले. "नको रे बाबा, मला आधीच श्वास पुरत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण एवढ्या लोकांत थाप मारली हे कबूल करण्याऐवजी मी भिंतीवरचा लशींचा तक्ता वाचू लागलो.

पलीकडून बायको कडाडली, "बसा हो, भावजी! सुई मला टोचली होती, आणि मला नुसती कणकण आली. हे बाहेर माझ्या चपला सांभाळत होते!"