मास्तरांची अट

"नाही पटलं," टेलरमास्तर म्हणाले आणि मशीनचं चाक पुन्हा फिरवलं.

समोर स्टुलावर बसलेल्या होऊ घातलेल्या जावयाने कपाळाला हात लावला. तो भौतिकशास्त्रातला डॉक्टर. लग्नाला मास्तरांची अट एकच: तुम्ही पोटासाठी काय करता ते या दुकानात बसून समजावून सांगा, पटलं तर मुलगी तुमची. आणि काम काय, तर क्वांटम! दर रविवारी तो नव्या उमेदीने यायचा आणि तोंडघशी पडायचा.

"तुमच्या त्या फिरत्या नाण्यालाही छापा-काटा असतोच," मास्तर म्हणाले. "मला दिसत नाही एवढंच. त्यात नवल कसलं?"

"कणाची बाजू अशी लपलेली नसते हो. मोजेपर्यंत ठरलेलीच नसते!"

"कुणी सांगितलं? त्या कणाने?"

"प्रयोगांनी."

कोपऱ्यात मुलगी शर्टाला काजं करत होती. तिने सुई थांबवली. "पण मग मोजणं म्हणजे नेमकं काय रे?"

"अगं, तुला नंतर सोपं करून सांगतो," तो मान न वळवता म्हणाला. "आधी बाबांचं होऊ दे."

मागच्या रविवारीही ती अशीच मध्ये बोलली होती. बिचारी! बापाच्या हट्टापायी तिचाही जीव टांगणीला लागला असणार. त्याला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला.

"बरं, हे ऐका. एकच कण एकाच वेळी दोन फटींतून जातो."

"एक दोरा दोन सुयांतून? माझ्या दुकानात असलं चालत नाही. आणि शिकलेले सांगतात म्हणून मान डोलवायला मी काही नंदीबैल नाही!"

आता मात्र त्याचा तोल गेला. "मग खरंच ऐका, मास्तर! आमचं गणित आजवर खोटं ठरलेलं नाही. तुमच्या खिशातला मोबाईल त्याच्याच जिवावर चालतो. पण आत नेमकं काय घडतं, यावर आमच्यातच अजून हमरीतुमरी होते. मलाही ते धड कळलेलं नाही. झालं समाधान?"

मशीन थांबलं. मास्तरांनी चष्मा काढला आणि चक्क हसले.

"अहो, हेच पहिल्या दिवशी बोलायचं ना! टेलरला काय कळणार, म्हणून नाणी फिरवत बसलात. आता बसला माझा विश्वास. तुमच्यावरही आणि त्या क्वांटमवरही."

तो ताडकन उठून उभा राहिला. "म्हणजे... लग्नाला होकार?"

"माझा कधी नकार होता?" मास्तर ओशाळून मुलीकडे बघू लागले. "अट हिची होती. मला फक्त नाही-नाही म्हणत राहायला सांगितलं होतं. तिला बघायचं होतं, तुम्ही समजावताना तिच्याकडे कधी वळता ते."

मुलगी उठली आणि तिने त्याला बाहेर जायला दुकानाचं दार उघडून धरलं.