पहिला नंबर

कालच्या पावलांत रेवती पुन्हा पहिली. चालण्याच्या गटात टाळ्यांची रांग लागली. तिनं पिठाच्या हातानंच मोबाइल पालथा घातला. डब्यांच्या दीडशे पोळ्या लाटताना मनगटावरचं घड्याळ हाताचा प्रत्येक हेलकावा पाऊल म्हणून मोजायचं. खरं सांगायचं मात्र राहूनच गेलं होतं.

दार वाजलं. गटातल्याच, समोरच्या इमारतीतल्या कुमुदताई. मनगटावर तसंच घड्याळ.

"ॲपवर रोज सहा ते नऊ चालतेस, आणि त्याच्याच नकाशावर घरातून हलत नाहीस. पोळ्या ना गं?"

रेवतीची मान खाली गेली.

"आण ते लाटणं. तू बागेत जाऊन ये."

बागेतल्या पहिल्याच बाकावर रेवती टेकली. मग उठावंसंच वाटेना.

त्या दिवशी कुमुदताई पहिल्या आल्या. रेवती शेवटची. तिला टाळी एकच आली, कुमुदताईंची.