पाटल्यांना लागलेले हात

परसात चिकूखाली मृदुलाचं धातुशोधक यंत्र किणकिणलं. रविवारचा तिचा छंदच होता तो. वीतभर खणल्यावर सासूबाईंच्या हरवलेल्या पाटल्या निघाल्या. यंत्राने नेहमीप्रमाणे पाटल्यांना आजवर लागलेल्या हातांची नावं दाखवली: सोनार, सासूबाई, शेवटीही सासूबाईच.

"अगं बाई! चोरांच्या भीतीने मीच पुरल्या असणार," सासूबाई हसल्या. "सापडल्या ना? झालं तर मग!"

"झालं? धुणंभांडी करणाऱ्या सगुणाबाईंना तुरुंगात धाडलंत तुम्ही! त्यांचं नाव तरी आहे का इथे?"

सासूबाईंनी पाटल्यांसाठी हात पुढे केला. मृदुलाने मूठ आवळली, सगुणाबाईंच्या घरी जायला पायात चपला सरकवल्या.

"आधी त्या घालतील. बारा वर्षं चोर म्हणालात, निदान एकदा तरी त्यांचा हात लागू दे पाटल्यांना!"