शिशाची धूळ

पोरीच्या रक्तात तिसऱ्या तपासणीतही शिसं वाढलेलंच निघालं, तेव्हा बापाचा तोल सुटला. “भिंतींचा रंग काढला, खेळणी फेकली, नळ बदलला. आता काय घर पाडू?” डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारलं, “तुम्ही काम काय करता?” “जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवतो. नखानं ओरखडा उमटेल इतकं मऊ असतं. पण कारखान्यातलं कारखान्यातच राहतं.” “त्याची धूळ कपड्यांवरून घरी येते. तुम्ही कामावरून आलात की मुलगी कुठे असते?” “माझ्या गळ्यात,” तो म्हणाला. वर्षभर त्यानं रंगाऱ्यापासून बायकोपर्यंत सगळ्यांना धारेवर धरलं होतं. कारखान्यात आंघोळीची सोय नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी तो त्याच कपड्यांत दारात आला, तेव्हा पोर “बाबा!” करत धावत सुटली. “लांब राहा!” तो खेकसला. तिचे पसरलेले हात खाली आले. “मी काय केलं?”