खालची माती

पंचांनी शेत चन्नवीरला दिलं, तेव्हा त्याची विधवा भावजय निंगव्वा चावडीच्या पायरीखाली उभी होती. नवरा गेल्यापासून तिनंच ते कसलं होतं. मंद्रूपच्या शिवारात इतकं बिनतणाचं रान दुसरं नव्हतं. साल १९२९, दिवाळी नुकतीच झाली होती.

"तुला काय म्हनायचं हाय, निंगव्वा?" धोंडप्पा पाटलांनी विचारलं.

"एवढंच, की भावजींनी नांगर खोल घालू न्हाय. वरवर कुळव फिरवावा. खाली निजलंय त्याला ऊन-उजेड दावू न्हाय."

चन्नवीर हसला. "ऐकलं का पाटील? माझं पीक वरच्या वर वाळावं, असा इचार हाय हिचा."

वैनीनं पूर्व म्हटलं की दीर पश्चिमेला जाई, हे गावाला पाठ होतं.

ताबा द्यायला संक्रांतीपर्यंत मुदत होती. तेवढ्यात निंगव्वानं शेत नांगरलं, सरीसरीत पोती रिकामी केली आणि वर माती ओढली. तिचे हात ओरबाडलेले होते. बाभळीचं कुंपणही तीच घालत असे.

"हरलेल्या रानाला खत?" चन्नवीर बांधावरून ओरडला.

"लेक सासरी धाडताना मोकळ्या हातानं धाडत्यात व्हय, भावजी?"

चैत्रात त्यानं सोलापुराहून लोखंडी नांगर आणला. खालची माती वर आली, ढेकळं वैशाखभर उन्हात भाजली. गाव बघायला आलं.

मृगात त्यानं भुईमूग पेरला. त्याच्याआधी काटेमाठ उगवला. खुरपला, तर आठवड्यात पुन्हा दाटला. कुळव फिरला की आणखी वर येई. काट्यांनी हात सोलवटले, तशा बायका खुरपायला येईनात. श्रावणात भुईमूग शोधावा लागत होता.

चन्नवीर पाटलांना घेऊन निंगव्वाच्या दारात आला. "हिनंच कायतरी केलंय!"

"मी काय केलं? खोल नांगरू नका म्हून चावडीवर सांगितलं न्हवं?"

"सांगितलं होतं खरं," पाटील म्हणाले.

"मग घे तुझं रान परत!"

"नको. आता ते तुमचंच हाय की."

ते गेल्यावर निंगव्वानं दार लोटलं. कोपऱ्यातलं रिकामं पोतं उचलून चुलीवर झटकलं. शिवणीत अडकलेलं, राजगिऱ्याहून बारीक, काटेमाठाचं काळं बी विस्तवात तडतडू लागलं.