लाल चेहरा

शिंपी दुकानातून परतला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद होता. खुर्चीतून उठताना त्याचा तोल गेला, तशी बायकोनं जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. मग तिनं त्याचा खिसा चाचपला, तर गोळ्यांचं पाकीट निघालं.

"हे काय आता नवीन?"

"डॉक्टरांनी दिल्यात. बोटांत रक्त पोचत नाही, सुई टोचली तरी कळत नाही. गोळीनं रक्त फिरतं, पण तोंड लाल होतं, गरगरतं."

"मग लपवता कशाला?"

"बोटं बधिर झालेल्या शिंप्याकडे कापड कोण टाकेल?"

तेवढ्यात शेजारीण दारात आली. "वहिनी, राग मानू नका, पण भाऊजी हल्ली पितात का हो? जिन्यात झोकांड्या खात होते."

बायकोनं पाकीट पदराआड धरलं.

"पितात थोडी," ती म्हणाली.