झुंबरबाईचं धुराडं

शिडी वर ओढून घेऊन झुंबरबाई कौलांवर ठाण मांडून बसली, आणि गवंडी अंबाजी हातोडा घेऊन अंगणात नुसता उभा राहिला.

"आई, खाली ये," तिचा मुलगा सत्यम ओरडला. "लोकं बघत्यात."

"बघू दे की. फुकट हाय."

अंबाजी सकाळीच वडगावहून कुसगावात आला होता. सत्यमनं फोनवर सांगितलं होतं, जुनं धुराडं पाडायचं, कौलं उतरवून पत्रे टाकायचे आणि पर्यटकांसाठी खोली काढायची. सरळ काम. धुराड्याला पाठ लावून बसलेली म्हातारी मात्र फोनवर कुणी सांगितली नव्हती.

"मावशी, आता धुराडं कोन ठेवतं?" अंबाजीनं खालूनच विचारलं.

"ज्याची चूल पेटती त्यो ठेवतो. दोनी येळंला पेटती याच्याखाली. धूर काय कानातनं काढायचा?"

"घरात गॅस हाय," सत्यम म्हणाला.

"मग?"

सत्यमनं तिचा नाद सोडला. तो अंबाजीकडं वळला. "तुमी चढा हो भाऊ. दुसरी शिडी आनतो. वाटणीत धुराडं आमच्या छपरावर आलंय. आमी पाडनार, कुनाच्या बापाला भीत न्हाई."

वाटणी अंगणातूनच दिसत होती. एकाच घराच्या पोटातून भिंत घातलेली, अंगणातही आडवे पत्रे ठोकलेले. पलीकडच्या भागात झुंबरबाईची धाकटी जाऊ एकटीच राहायची.

"त्यांना इचारलंय का पर?" अंबाजीनं जपून विचारलं. भावकीच्या भांडणात गवंड्याचंच डोकं आधी फुटतं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

"त्या भवानीचं नाव काढू नगंस!" झुंबरबाई वरून कडाडली. "माजा बांध कोरला तिनं. मला कोर्टात उभी केली. मरंस्तवर तोंड बघनार न्हाई मी तिचं!"

"आन् तरी तू हितं..." सत्यम बोलता बोलता थांबला. बाकीचं त्यानं गिळून टाकलं आणि तरातरा जाऊन शिडी घेऊन आला. त्याची बायको सविता ओट्यावर तांदूळ निवडत होती.

अंबाजी चढला. म्हातारीचं तोंड काजळीनं माखलं होतं. तिच्या मांडीवर दोर होता, दोराच्या टोकाला गोणपाटाचा बोळा आणि वजनाला दगड. पाडायचं राहिलं बाजूला, बाई धुराडं साफ करायला बसली होती!

"पाडायचं असंल तर आदी मला ढकल खाली," ती म्हणाली. "जमत नसंल तर हा दोर धर."

दुसऱ्याच्या आईला हात कोण लावणार? अंबाजीनं हातोडा ठेवला आणि धुराड्यात डोकावला. आत काजळीचे थर, आणि वर साळुंकीनं काटक्याकुटक्या, प्लॅस्टिक, चिंध्या कोंबून घरटं केलेलं. पिल्लं कधीच उडून गेली होती.

"मावशी, निम्मं तोंड बुजलंय की."

"म्हनून तर चढले. गेल्या थंडीत धूर उलटा फिरला. म्हाताऱ्या मानसाला चुलीपाशीच डोळा लागतो, दार-खिडकी लावून. सकाळी हाका मारून उठंना. दार फोडलं तवा वाचलं."

अंबाजीनं धुराड्यातून डोकं मागं घेऊन तिच्याकडं पाहिलं. या वयात बाई त्यातून उठली, नशीबच म्हणायचं. आणि हा पोरगा? आई मरता मरता वाचली, आणि याला पर्यटकांच्या खोलीची घाई!

"सत्यमला ठावं हाय ह्ये?"

"समदं ठावं हाय त्याला."

अंबाजी खाली वाकून ओरडला, "सत्यम, पाडायला दुसरा गवंडी बघ! मला न्हाई जमनार!"

सत्यमनं काहीतरी शिवी हासडली, गाडीला किक मारली आणि निघून गेला.

"चूल इझवलीय नव्हं?" दोर सोडण्याआधी अंबाजीनं विचारलं. "खाली घमेलं ठेवलंय?"

"धूर येतोय का वर? न्हाई ना? मंजी इझलीय. घमेलं बी ठेवलं असंल."

मग दोघांनी मिळून घरटं उपसलं, बोळा खालीवर घासला. काजळी भसाभसा खाली पडत होती. अंबाजीनं भेगा सिमेंटनं बुजवल्या, वर पत्र्याची टोपी बसवली, धुराला चारी बाजूंनी वाट ठेवून. झुंबरबाईनं प्रत्येक भेग बोटानं चाचपून पाहिली. एक पुन्हा भरायला लावली.

"लय खट हाय बाई तुमी," अंबाजी हसत म्हणाला.

"हायेच."

खाली उतरल्यावर त्यानं हातपाय धुतले. "आता चूल पेटवून बघू. धूर नीट वर ओढतोय का कळंल, मगच मी जातो."

"चल."

ती त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओट्यावर गॅसची शेगडी होती. मधली भिंत जमिनीपासून छपरापर्यंत सपाट, चुना लावून पांढरीशुभ्र केलेली. अंबाजीनं चारी कोपरे पाहिले.

"मावशी, चूल कुटंय?"

झुंबरबाईनं लाटणं उचललं आणि त्या भिंतीवर दोनदा ठोकलं. पलीकडं घमेलं ओढल्याचा आवाज झाला, आणि जावेनं चूल पेटवली.